रान राखायला आलेले पाहुणे

परदेशात स्वयंसेवक म्हणून काम केलं, असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी विमान येतं. मी नागपूरला गोरखपूरची गाडी पकडली, तिथून एका खचाखच भरलेल्या बसने सोनौलीचा नाका गाठला आणि खांद्यावर पिशवी टाकून चालत परदेशात गेलो. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या करारामुळे आपल्याला तिकडे जायला व्हिसा लागत नाही. नाक्यावरच्या पोलिसाने पिशवीत काय आहे एवढंच विचारलं. मी म्हटलं, कपडे, टॉर्च आणि मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसला, पण मागे रांग मोठी होती.

ही १९९७च्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा चंद्रपूरला वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. एका संस्थेमार्फत तीन महिन्यांसाठी चितवनला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या एका गावात गेलो होतो. गावाने आपलं उजाड रान पुन्हा उभं करायला घेतलं होतं. रोपं मोजायची, जगली किती, मेली किती याची नोंद ठेवायची, आणि गावच्या वन समितीच्या बैठकांचं टिपण ठेवायला मदत करायची, असं माझं काम ठरलं होतं. या शेवटच्या कामासाठी मला निवडलं त्याचं कारण नंतर कळलं. आधी आलेले पाहुणे युरोप-अमेरिकेतले होते. त्यांना देवनागरी येत नव्हती. नेपाळी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे भाषा कळायच्या आधीच मला ती वाचता येऊ लागली.

पण माझी गोष्ट थोडी बाजूला ठेवतो. नेपाळच्या रानात परदेशी स्वयंसेवकांची जी लांबलचक रांग गेली तीस-पस्तीस वर्षं चालत आली होती, तिच्या अगदी शेपटाकडचा मी एक माणूस. ही रांग कुठून सुरू झाली, त्यांनी काय केलं, आणि त्यांच्याआधी तिथे काय होतं, हे मला तिथे राहताना माहीत नव्हतं. परत आल्यावर वाचून कळलं. आधी वाचून गेलो असतो तर एक चूक टळली असती. तिच्याकडे येतोच.

नेपाळात १९५१ साली राणांची राजवट संपली, तोवर परदेशी माणसाला त्या देशात सहज पाऊल टाकता येत नव्हतं. राणांनी आणि त्यांच्या मर्जीतल्या घराण्यांनी मोठमोठी जंगलं इनामासारखी वाटून घेतली होती. चितवनचं खोरं हे त्यांचं खासगी शिकारखानं. तिथे मलेरिया इतका की हिवाळा सोडून बाहेरचा माणूस राहत नसे. राहत ते थारू, आणि नदीकाठी बोटे, माझी, मुसहर यांच्यासारखे मासेमारी करणारे समाज. गेंडा, वाघ, हत्ती यांचं राज्य टिकलं त्यात डासाचा वाटा मोठा होता, हे म्हणायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

राणा गेल्यावर १९५७ साली सरकारने एक कायदा केला आणि खासगी जंगलं राष्ट्राच्या मालकीची केली. हेतू सरळ होता. बड्या घराण्यांच्या ताब्यातलं रान देशाचं करायचं. पण डोंगरातल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा लागला. ज्या रानाची तो पिढ्यान्‌पिढ्या राखण करत होता तेही आता सरकारचं झालं, असा त्याचा समज झाला, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. सरकारकडे राखणदार नव्हते. गावाला राखायचं कारण उरलं नाही. मग व्हायचं ते झालं.

गाव राखण करत होतं म्हणजे काय, याची दोन उदाहरणं देतो. एव्हरेस्टच्या पायथ्याशी खुंबू भागातल्या शेर्पा गावांत ‘शिंगी नवा’ म्हणून राखणदार नेमायची पद्धत होती. कुणी कुठलं लाकूड तोडायचं ते त्याने ठरवायचं, आणि चोरी केली तर दंड करायचा. मधल्या डोंगरांत ‘माना-पाथी’ची पद्धत होती. माना आणि पाथी ही धान्याची मापं. आठ मान्यांची एक पाथी. प्रत्येक घराने रानाच्या राखणदाराला ठरलेलं धान्य द्यायचं. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण यावी असाच प्रकार. आमच्या विदर्भातल्या माणसाला तर निस्तार हक्क ही गोष्ट घरातलीच असते. म्हणजे गावाने रान सांभाळायचं आणि रानाने गाव सांभाळायचं, हे शिकवायला कुणी समुद्रापलीकडून यावं लागत नव्हतं.

तरीही लोक आले. अमेरिकेत केनेडी यांनी १९६१ साली ‘पीस कोअर’ची स्थापना केली आणि १९६२ साली तिची पहिली तुकडी काठमांडूत उतरली. सत्तरेक तरुण-तरुणी होत्या. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, शिकवायला आणि शेती सुधारायला आलेले. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्येही परदेशात स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते सर एडमंड हिलरी. ब्रिटनचे स्वयंसेवकही त्याच दशकात आले. जंगलाचं काम सुरुवातीला कुणाच्याच यादीत नव्हतं. या मुलांना दोन-अडीच महिने नेपाळी शिकवत आणि मग रस्ता नसलेल्या खेड्यात सोडून देत. दोन वर्षं तिथेच राहायचं. डाळ-भात खायचा, आजारी पडायचं, बरं व्हायचं. दोन वर्षं हा काळ फार नाही, पण दोन पावसाळे निघतात. तीन महिन्यांत एकही पावसाळा निघत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

इकडे चितवनमध्ये काय चाललं होतं? १९५०च्या दशकात अमेरिकी मदतीने डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला आणि डोंगरातून हजारो कुटुंबं खोऱ्यात उतरली. रान तोडून भात आणि मोहरीची शेतं झाली. आसामात चहाच्या मळ्यावर नोकरी केलेले निसर्गअभ्यासक ई. पी. गी यांनी १९५९ साली पाहणी केली तेव्हा त्यांनी गेंड्यांचा अंदाज सुमारे ३०० केला होता. त्याच्या दहा वर्षं आधी ही संख्या ८००च्या आसपास मानली जाई. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती शंभराच्या घरात आली. १९७३ साली चितवन हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पाठोपाठ राखणीसाठी सैन्य आलं. गेंडे वाचले. पण कडेच्या गावांना आता गवत कापायलाही वर्षातले मोजके दिवस मिळू लागले. घर शाकारायला लागणारं ‘खर’ म्हणजे उंच गवत तेवढ्या दिवसांत आणायचं. बाकीच्या वेळी आत गेलं तर शिपाई पकडणार. दूर पश्चिमेला रारा तलावाभोवती १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा रारा आणि छाप्रू ही दोन गावं उठवून खाली तराईत नेऊन बसवली. थंड डोंगरातली माणसं उष्ण सपाटीवर. ही बातमी नेपाळच्या डोंगराडोंगरांतून फिरली. राष्ट्रीय उद्यान येतंय म्हटलं की गावं घाबरू लागली.

याच काळात काठमांडूच्या पूर्वेला सिंधुपाल्चोक जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट घडली. तिचा नायक परदेशी नव्हता. तेज बहादुर सिंह महत हे तिथले वनाधिकारी. जंगल खात्याचं काम म्हणजे लोकांना जंगलापासून दूर ठेवणं, अशी तेव्हाची रीत. महत यांनी १९७३ साली ठोकर्पा गावच्या लोकांशी बोलणी केली आणि उजाड टेकडीवर झाडं लावायचं व राखायचं काम गावाकडेच दिलं. त्याला त्या वेळी कायद्याचा आधार नव्हता. एका सरकारी नोकराने कायद्याच्या आधी शहाणपण दाखवलं. १९७६ साली राष्ट्रीय वन योजनेत ही कल्पना आली, आणि १९७८ साली पंचायतींना वन देण्याचे नियम झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मदतीचा मोठा प्रकल्प सिंधुपाल्चोक आणि काभ्रेपलाञ्चोक या जिल्ह्यांत सुरू झाला.

त्या वेळी जगात नेपाळविषयी एक भीती पसरली होती. डोंगरातला शेतकरी झाडं तोडतोय, माती वाहून जातेय, त्यामुळे बांगलादेशात पूर येतायत, अशी ती मांडणी होती. जागतिक बँकेच्या एका अहवालात तर पंधराएक वर्षांत डोंगरातली हाताशी असलेली जंगलं संपतील असं म्हटलं होतं. भीतीमुळे पैसा आला, पैशाबरोबर माणसं आली. १९८०च्या दशकात पीस कोअरचे स्वयंसेवक जिल्ह्याजिल्ह्यांत रोपवाटिका लावायला जाऊ लागले. प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायची, बी टाकायचं, पावसाच्या तोंडावर पाठीवरच्या डोक्यात रोपं घालून टेकडी चढायची. ‘डोको’ म्हणजे कपाळाला पट्टा लावून पाठीवर घ्यायची बांबूची पाटी. रोपं बहुतेक चीडची. चीड उजाड मातीत तगतो, म्हणून तो. पण गावच्या बाया विचारत, हे गुरं खातात का? खात नाहीत. मग कशाला? या प्रश्नाला त्या पोरांकडे उत्तर नव्हतं. गंमत अशी की पुढे बऱ्याच ठिकाणी चिडांच्या सावलीत रुंद पानांची देशी झाडं आपोआप उगवली, आणि ती गुरं खातात.

विनाशाची ती भाकितं खरी ठरली नाहीत. त्यातली गफलत दाखवणाऱ्यांत वर सांगितलेले महतसुद्धा होते. त्यांनी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की मधल्या डोंगरांतली बरीचशी जंगलतोड जुनी आहे. शेत वाढलं की सारा वाढतो, म्हणून राज्यकर्त्यांनीच शंभर-दोनशे वर्षांपूर्वी रान मोडायला उत्तेजन दिलं होतं. दोष मात्र आजच्या शेतकऱ्याच्या माथी बसला होता. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत जास्त भिडतो.

स्वयंसेवकांपैकी दोघांची नावं सांगायला हवीत. एरिक डायनरस्टीन १९७५ साली पीस कोअरतर्फे पश्चिम तराईतल्या बर्दियाच्या रानात पोचले. तेव्हा ते राष्ट्रीय उद्यान झालेलं नव्हतं. राजाचं शिकारीचं राखीव रान होतं आणि १९७६ साली त्याला वन्यजीव आरक्षाचा दर्जा मिळाला. चितळ किती, गवत कुठलं, कुठल्या हंगामात कोण काय खातं, हे त्यांनी दोन वर्षं नोंदवून काढलं. त्या रानाची ही पहिली नीट पाहणी. पुढे ते चितवनच्या गेंड्यांचे अभ्यासक झाले, आणि नंतर एका जागतिक संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ. तराईतली तुटक रानं एकमेकांना जोडली पाहिजेत, नाहीतर वाघ टिकणार नाही, आणि जोडणारी पट्टी गावांच्या मालकीच्या रानातूनच जाणार, हा विचार मांडणाऱ्यांत ते पुढे होते.

दुसरे ब्रॉटन कोबर्न. ते १९७३ साली शिक्षक म्हणून गुरुंग लोकांच्या एका खेड्यात गेले. राहायला जागा मिळाली ती एका वृद्ध विधवेच्या म्हशीच्या गोठ्यावरच्या माळ्यावर. ती बाई त्यांना मुलासारखं वागवू लागली, आणि तिच्यावर त्यांनी पुढे ‘नेपाली आमा’ नावाचं पुस्तक लिहिलं. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की १९८५ साली अन्नपूर्णा पर्वताच्या परिसराचं काय करावं हा प्रश्न आला, तेव्हा पाहणीसाठी जे तिघे निघाले त्यांत हे कोबर्न होते. उरलेले दोघे नेपाळीच. एक मिंग्मा नोर्बू शेर्पा. खुंबूतला मुलगा, हिलरींच्या शाळेत शिकलेला, न्यूझीलंडला जाऊन उद्यान व्यवस्थापन शिकून आलेला, सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा पहिला शेर्पा वॉर्डन. दुसरे चंद्र गुरुंग, अन्नपूर्णेच्या कुशीतल्या सिकलेस गावचे, भूगोलाचे अभ्यासक.

हे तिघे महिनोन्‌महिने गावोगाव फिरले. लोकांना विचारलं, राष्ट्रीय उद्यान हवं का? लोक म्हणाले, नको, शिपाई नकोत, राराचं काय झालं ते आम्हाला ठाऊक आहे. मग काय हवं? यातून जे निघालं त्याला नेपाळच्या कायद्यात नावच नव्हतं. गावं आहेत तिथेच राहतील, शेती-गुरं राहतील, सैन्य येणार नाही, आणि पर्वत बघायला येणाऱ्या परदेशी पदयात्रींकडून प्रवेश शुल्क घ्यायचं, ते राजधानीला न पाठवता त्याच खोऱ्यांत खर्च करायचं. १९८६ साली घान्द्रुक गावापासून सुरुवात झाली. ‘संरक्षण क्षेत्र’ हा शब्द कायद्यात यायला १९८९ उजाडलं आणि अन्नपूर्णेला तो दर्जा राजपत्रातून मिळायला १९९२. क्षेत्र ७६२९ चौरस किलोमीटर. आजही ते नेपाळचं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र आहे.

घान्द्रुकला सुरुवातीला लोक संशयानेच बघत होते. चुलीवर पदयात्रींसाठी पाणी तापवायला रोज केवढी लाकडं जळत, तर तिथे चुलीमागे पाण्याची टाकी बसवून स्वयंपाकाच्याच विस्तवावर पाणी तापेल अशी सोय केली. मोठी क्रांती वगैरे काही नाही. पण सरपणाचा भारा डोंगरावरून कोण आणतं, हे ज्याने पाहिलंय त्याला तिची किंमत कळेल.

आता माझा हिवाळा. मी पोचलो तेव्हा वारं अनुकूल होतं. १९९३च्या वन कायद्याने ‘उपभोक्ता समूहां’ना, म्हणजे रान वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना, स्वायत्त संस्था मानलं होतं. जमीन सरकारची, पण रान सांभाळायचं, वापरायचं आणि उत्पन्न ठेवायचं ते गटाने. या गटांचा महासंघ १९९५ साली उभा राहिला. १९९६ साली चितवनभोवती ‘मध्यवर्ती क्षेत्र’ जाहीर झालं आणि उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा कडेच्या गावांच्या विकासाला द्यायचं ठरलं. सौराहाजवळच्या बाघमारा रानाचं नाव तर सर्वतोमुखी होतं. गुरांनी खाऊन सपाट केलेल्या त्या माळावर १९८९ साली शिसूची रोपं लावली, तार घातली, आणि काही वर्षांत गेंडे आपण होऊन तिथे राहायला आले. गेंडा बघायला पर्यटक आले. पर्यटकांच्या पैशातून गावाची कामं होऊ लागली. आमच्या गावालाही तसंच काही व्हावंसं वाटत होतं.

मी सकाळी मोजपट्टी घेऊन निघायचो. धुकं इतकं की दहा वाजेपर्यंत दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. बरोबर गावचा राखणदार. गेंड्याची ताजी विष्ठा दिसली की तो माझा दंड धरून थांबवायचा. गेंडा एकाच जागी पुन:पुन्हा येऊन विष्ठा टाकतो, तिथे उभं राहू नये, एवढी एक गोष्ट मी पक्की शिकलो. नदीकडच्या पट्ट्यात रोपं फार मरत होती. मी आकडे मांडले, वहीत आलेख काढला, आणि माघ महिन्यातल्या बैठकीत सुचवलं की हा पट्टा तीन वर्षं पूर्ण बंद ठेवावा. आकडे बरोबर होते. समितीतली मंडळी जमीनदार नव्हती, पण प्रत्येकाची थोडीफार शेती होती, बांधावर झाडं होती. त्यांनी माना डोलावल्या. पाहुणा शिकलेला, त्यातून भारतातून आलेला. ठराव झाला आणि तो मीच माझ्या अक्षरात लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याशी एक बोटे समाजातली म्हातारी उभी होती. नदीकाठच्या या लोकांकडे जमीन नसते. मासे धरायला उद्यानाची परवानगी लागते. ती आणि तिच्यासारख्या पाच-सहा घरच्या बाया त्या पट्ट्यातून सरपण नेत आणि ‘निउरो’ खुडत. निउरो म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, त्याची भाजी करतात. कालच्या बैठकीला त्यांच्यातलं कुणी नव्हतं. का नव्हतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. राखणदाराने तिला ठराव समजावला. तिने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ‘‘बाबू, तपाईं कहिले फर्किने?’’ तुम्ही परत कधी जाणार? मी म्हटलं, फागुनात. ती मान हलवून निघून गेली. रागावली नाही, काही बोलली नाही. मी त्या दिवशी रोपं मोजली खरी, पण दोनदा आकडा चुकला.

मी समितीच्या सचिवांना सांगितलं की ठराव पुन्हा बघायला हवा. ते म्हणाले, बघू, आत्ताच तर केलाय. आणि फागुनात मी खरंच परत आलो. नोकरी होती.

त्यानंतरची वर्षं नेपाळला वाईट गेली. १९९६ साली सुरू झालेलं माओवादी युद्ध २००१ नंतर फार पेटलं. सैन्याने रानातल्या चौक्या कमी केल्या आणि शिकाऱ्यांचं फावलं. २००० साली नेपाळात ६१२ गेंडे मोजले होते, त्यांतले ५४४ चितवनमध्ये. २००५ साली चितवनमध्ये ३७२ उरले. काठमांडूतल्या बॉम्बस्फोटानंतर २००४च्या सप्टेंबरात पीस कोअरने आपली माणसं परत बोलावली. बेचाळीस वर्षांची रांग तुटली. ती पुन्हा जुळली २०१२ साली.

स्वयंसेवक गेले, पण समूह राहिले. २००२ साली नेपाळातल्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट २०१७ साली. मधली पंधरा वर्षं गावात लोकांनी निवडलेली संस्था म्हणून जी काही उरली, ती बहुतेक ठिकाणी या वन समित्याच. दोन बंदूकधारी बाजूंच्या मधे बसून त्यांनी वार्षिक सभा घेतल्या, हिशेब वाचले, सरपणाचे दिवस ठरवले. बाहेरच्या कुणीही हे केलं नसतं.

युद्ध संपत आलं आणि २००६च्या सप्टेंबरात एक आनंदाचा दिवस आला. पूर्व टोकाच्या कांचनजंगा संरक्षण क्षेत्राचा कारभार सरकारने स्थानिक लोकांच्या परिषदेकडे सोपवला. नेपाळात असं पहिल्यांदाच होत होतं. समारंभाला देशातले वन्यजीव क्षेत्रातले झाडून सारे जाणते लोक गेले होते. दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला, घुन्सा गावाहून परतताना त्यांचं हेलिकॉप्टर ढगात डोंगराला धडकलं. चोवीसच्या चोवीस माणसं गेली. त्यांत मिंग्मा नोर्बू शेर्पा होते, चंद्र गुरुंग होते, भूगोलतज्ज्ञ हर्क गुरुंग होते, वन राज्यमंत्री गोपाल राई होते, वन्यजीव खात्याचे आजी-माजी प्रमुख होते. अवशेष सापडायला दोन दिवस लागले. अन्नपूर्णेच्या गावांतून हिंडलेल्या तिघांपैकी आता कोबर्न एकटे उरले. मी ही बातमी चंद्रपूरला पेपरात आतल्या पानावर वाचली, आणि मला पुढे बराच वेळ काही वाचवेना.

एवढी माणसं एका क्षणात गेल्यावर काम कोसळेल असं वाटलं होतं. कोसळलं नाही. २०११ साली नेपाळात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. २०२१च्या गणनेत गेंडे ७५२ भरले, त्यांतले ६९४ चितवनमध्ये. वाघ २००९ साली १२१ होते, २०२२ साली ३५५ झाले. सामुदायिक वनांचे गट आज २२ हजारांवर आहेत. झाडांखालची जमीन १९९०च्या दशकात देशाच्या चाळीस टक्क्यांच्या आत होती, ती २०१५च्या पाहणीत जवळजवळ ४५ टक्के निघाली. याचं सगळं श्रेय समित्यांना देऊ नये. घराघरांतला तरुण मलेशियाला आणि आखातात गेला, गुरं कमी झाली, गॅस आला, डोंगरातली शेतं पडीक पडून त्यांत रान उगवलं, हेही त्यात आहे. आणि वाघ वाढले म्हणजे वाघाने मारलेली माणसंही वाढली. ती मरतात रानाच्या कडेला, गवत कापताना. आमच्या चंद्रपूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गडचिरोलीत मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा मला ठोकर्पाची आठवण झाली होती. छत्तीस वर्षांचं अंतर आहे दोन्हींत.

स्वयंसेवकांचंही रूप या काळात बदललं. आता पैसे भरून दोन आठवडे ‘वन्यजीव सेवा’ करता येते. विमानतळावरून न्यायला गाडी येते, हत्तीला चारा घालतानाचा फोटो मिळतो. नेपाळात पर्यटक व्हिसावर, अगदी बिनपगारीसुद्धा, काम करायची परवानगी नाही, हे त्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मी त्यांना हसत नाही. माझे तीन महिने काही फार वेगळे नव्हते.

२०२२च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी, मी त्या गावी पुन्हा गेलो. सोनौलीहून तसाच चालत. नदीकडच्या पट्ट्यात शिसू आणि सिमल यांची गर्दी झाली आहे, माझ्या मिठीत मावणार नाहीत एवढाले बुंधे. समितीचं आता पक्कं कार्यालय आहे. नियमाप्रमाणे समितीत निम्म्या बायका आहेत, आणि सचिवही बाईच. मी माझं नाव सांगितलं, पण ते कुणाला आठवत नव्हतं. जुन्या वह्या बघू का म्हटलं तर त्यांनी लोखंडी कपाट उघडून दिलं.

विक्रम संवत २०५४ची वही सापडली. माघातला ठराव माझ्याच अक्षरात. माझ्या नेपाळीत मराठीचे हात-पाय जागोजाग दिसत होते. ठरावावर एक सरळ रेघ मारलेली होती आणि समासात लिहिलं होतं, जेठ २०५५ची बैठक पाहा. म्हणजे मी परतल्यावर तीनच महिन्यांनी. मी पुढची पानं उलटली. नदीकाठच्या सहा घरांना आठवड्यातून दोन दिवस सुकं सरपण आणि निउरो नेऊ द्यावं, रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून वाट त्यांनीच आखावी आणि पट्ट्याची राखणही त्याच घरांकडे द्यावी, असं ठरलं होतं. खाली हजर असलेल्यांच्या सह्या होत्या. आणि शेवटी, सहा अंगठे.